पोलोची अ‍ॅमिओ : रेस कार मॉडेलची बॉडी किटबॅश कशी करायची, आणि त्यातलं नक्की काय विकायचं?

किटबॅशिंगच्या व्हिडिओत हात कसे चालवायचे ते दाखवलं होतं. मापं, हिशोब आणि कायद्याचा भाग व्हिडिओत मावत नाही, म्हणून तो इथं लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, आकडे बरेच आहेत.

ज्यांनी व्हिडिओ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेल किट म्हणजे प्लास्टिकच्या सुट्या भागांचा डबा, जोडला की खऱ्या गाडीची छोटी हुबेहूब प्रतिकृती तयार होते. डब्यावर जे चित्र आहे तेच बनवलं तर ते नुसतं किट जोडणं. दोन-तीन किटचे भाग कापून, एकमेकांत बसवून, मधली जागा स्वतः भरून, डब्यात नसलेलीच गाडी उभी केली तर ते किटबॅशिंग. हॉलीवूडवाल्यांनी १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधली अवकाशयानं अशीच सजवली होती, बाजारातल्या प्लास्टिक किटचे तुकडे चिकटवून. आपल्या कोल्हापूरकराला हे वेगळं शिकवायला लागत नाही. रिक्षा सौंदर्य स्पर्धेतली एखादी रिक्षा जवळून बघा, मग कळेल.

आता धंद्याचा प्रश्न. टॅमियासारखी जपानी कंपनी १९६७ पासून रेस कारची किट काढते. त्यांची पहिली होंडाची एफ-वन गाडी होती, १/१२ स्केलमध्ये. फेरारी, मॅकलारेन, पोर्शे सगळं मिळतं. मग तुमच्याकडून कुणी का घ्यावं? कारण भारतात धावलेल्या बहुतेक रेस गाड्यांचं किट कुणी काढतच नाही. आणि त्या गाड्यांशी जीव जोडलेली माणसं आपल्या गावात आहेत. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. अ‍ॅमिओ कपच्या ग्रिडवर ध्रुव मोहिते होता. या पोरांच्या मागे मेकॅनिक, मित्रमंडळी, घरचे, स्पॉन्सर असा गोतावळा असतो. शिवाय इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बाहा आणि सुप्राच्या टीम आहेत, त्यांना स्पॉन्सरच्या टेबलावर ठेवायला काहीतरी लागतं. हे तुमचं गिऱ्हाईक. संख्या मोठी नाही, हे आधीच सांगतो. पण ज्याला हवंय त्याला दुसरीकडे कुठंच मिळत नाही.

उदाहरण म्हणून अ‍ॅमिओच घेऊ. फोक्सवॅगनने २०१६ साली फक्त भारतासाठी काढलेली ही गाडी, पुण्याजवळ चाकणला बनायची. म्हणजे पोलोला डिकी लावून चार मीटरच्या आत बसवलेली सेदान. तिच्यावरून कंपनीच्या मोटरस्पोर्ट विभागाने रेस कार केली, १.८ लिटरचं टर्बो इंजिन, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर, आत रोल केज, मागे विंग. परदेशात ही गाडी विकलीच नाही, त्यामुळे परदेशी किट कंपनीला तिच्यात रस असायचं कारणच नाही. पण पोलोचं किट आहे. बेल्जियमची बेलकिट्स कंपनी १/२४ स्केलमध्ये पोलो आर डब्ल्यूआरसी ही रॅली कार काढते. आपला कच्चा माल तो.

करवत उचलायच्या आधी व्हर्नियर उचला

बहुतेक पोरं इथं काय करतात? पोलो घेतात, कुठल्यातरी खेळण्यातल्या सेदानची डिकी कापतात आणि मागे चिकटवतात. मॉडेल दिसतं रेल्वेच्या डब्यासारखं. का, ते आकड्यांत बघा.

अ‍ॅमिओची लांबी ३,९९५ मिलिमीटर. भागिले २४ केलं की १६६.५. पोलो रॅली कारची लांबी ३,९७६, म्हणजे मॉडेलवर १६५.७. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही! चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत होती, म्हणून कंपनीने पुढचा बंपरही थोडा आखूड केला आणि सगळी गाडी त्या मापात कोंबली. म्हणजे अ‍ॅमिओची डिकी पोलोच्या मागे जोडलेली नाही, ती पोलोच्याच लांबीत बसवलीय. छप्पर लवकर संपतं, मागची काच तिरपी होते आणि खाली डिकीचा छोटा कट्टा उरतो. तेव्हा डिकी जोडायची नाही, कोरायची. हे पाच मिनिटांच्या भागाकारात कळतं. नाही केला, तर दहा तासांचं काम आणि एक महागडं किट गेलं म्हणून समजा.

तसंच रुंदीचं. डब्ल्यूआरसी गाडी १,८२० मिलिमीटर रुंद, साधी अ‍ॅमिओ १,६८२. स्केलमध्ये ७५.८ आणि ७०.१. दोन्ही बाजूंनी मिळून साडेपाच मिलिमीटरच्या वर माल जास्त आहे, तो सगळा चाकांवरच्या फुगीर कमानींत. हा माल घासून काढायचा असतो. पण किटच्या बॉडीची जाडी साधारण एकच मिलिमीटर असते. बाहेरून तीन मिलिमीटर घासलंत तर आरपार भोक. म्हणून आधी आतून भर द्यायची, मग बाहेरून घासायचं. आतल्या बाजूला एम-सीलचा जाड थर दाबून बसवा, एक रात्र कडक होऊ द्या, दुसऱ्या दिवशी बिनधास्त कानस चालवा.

तिसरी गोष्ट दरवाजे. रॅलीची पोलो तीन दरवाजांची आहे, अ‍ॅमिओला बाजूला चार. म्हणजे पोलोचा लांब दरवाजा बुजवून दोन नवे कोरायचे. कुठं कोरायचे? अंदाजाने नाही. खऱ्या गाडीचा अगदी बाजूने काढलेला फोटो घ्या, लांब उभं राहून झूम करून काढलेला. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान येतं, तो उपयोगाचा नाही. अ‍ॅमिओचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २,४७० मिलिमीटर. भागिले २४, आले १०२.९. आता फोटो अशा साइजला प्रिंट करा की कागदावर चाकांच्या मध्यांमधलं अंतर बरोबर १०३ येईल. झालं, तो कागद म्हणजे तुमचा १/२४ चा नकाशा. छप्पर कुठं वाकतं, दरवाजाची फट कुठून जाते, हँडल किती उंचीवर आहे, सगळं कागदावरून थेट मॉडेलवर उतरवता येतं.

व्हीलबेस माहीत नसलेल्या गाडीला, समजा कॉलेजच्या टीमने स्वतः बनवलेल्या गाडीला, रिमवरून माप काढा. तेरा इंची रिम म्हणजे ३३० मिलिमीटर. फोटोत तो २२ मिलिमीटर दिसत असेल तर फोटो १५ पटीने लहान आहे. फोटोत व्हीलबेस १६० भरला तर खरा २,४०० झाला. (टीमच्या पोरांना फोन करून विचारणं त्याहून सोपं, पण ती परीक्षेत असतात.)

कापणं, भरणं, घासणं

कापायच्या रेषेवर आधी जाड टेपचे दोन थर लावा, मग कटरच्या पात्याची मागची बाजू टेपच्या कडेने ओढा. धार वापरू नका, ती प्लास्टिक बाजूला सरकवते आणि काठ उभा राहतो. मागची बाजू बारीक कीस काढते. दहा-बारा हलक्या ओढी मारल्या की प्लास्टिक तुटून येतं आणि कड सरळ राहते. छप्पर कापताना एक मिलिमीटर जास्तच ठेवा. जास्तीचं घासता येतं, कमी पडलेलं परत आणता येत नाही.

डिकीचा कट्टा, मागच्या काचेची चौकट आणि छपराची मागची कड हे तिन्ही प्लास्टिक शीटचे स्वतः बनवा. एक मिलिमीटरची पॉलिस्टायरीन शीट मिळाली तर उत्तम, कारण किटही त्याच जातीच्या प्लास्टिकचं असतं आणि प्लास्टिक सिमेंटने दोन्ही एकजीव होतात. साइनबोर्डवाल्यांकडची फोम शीट स्वस्त असते, पण ती वेगळ्या जातीची, मऊ, कड खाते. आतल्या भरावापुरती ठीक. आणि इथं खेळण्यातली डिकी वापरू नका असं मी मुद्दाम सांगतोय. त्याचं कारण पुढे येतं, आणि ते पैशाचं आहे.

बारीक फटींना फेविक्विक टाका आणि वर चिमूटभर खाण्याचा सोडा. क्षणात दगड होतो. त्यातून वाफ येते, तोंड वर घेऊन करू नका, खिडकी उघडी ठेवा. मोठ्या आकाराला एम-सील, कारण ते आकसत नाही. शेवटचे ओरखडे बुजवायला गाडीची पुट्टी, म्हणजे आपले पेंटर जिला लांबी म्हणतात ती. लांबी एकदम जाड भरली की वरून वाळते, आतून ओली राहते आणि आठ दिवसांनी रंगाखाली खड्डा पडतो. पातळ थर, वाळवणं, घासणं, परत थर. वॉटर पेपर ४०० ने सुरुवात, मग ६०० आणि १०००, पाणी लावून. पेपर बोटावर धरून घासू नका, लाकडी पट्टीला गुंडाळा, नाहीतर पृष्ठभाग लाटेसारखा होतो आणि चकचकीत रंग दिल्यावर ती लाट ओरडून सांगते.

मध्येच एकदा राखाडी प्रायमरचा हलका हात मारा. पांढऱ्या प्लास्टिकवर पिवळी लांबी आणि तपकिरी एम-सील असताना आकार बरोबर आहे की नाही ते डोळ्याला कळतच नाही. एक रंग झाला की सगळ्या चुका दिसतात. तीन वेळा तरी प्रायमर मारून परत घासायची तयारी ठेवा. मॉडेलचे बरेच तास इथंच जातात, हे हिशोबात धरायचंय.

गाडीचा स्प्रे कॅन वापरणार असाल तर लक्षात ठेवा, त्यातलं थिनर तीव्र असतं आणि प्लास्टिक खातं. पहिले दोन हात अगदी कोरडे, लांबून, नुसती धूळ बसल्यासारखे. आणि पावसाळ्यात कोल्हापुरात रंगकाम घ्यायचं तर विचार करून घ्या. दमट हवेत लॅकर रंगावर पांढरट साय येते. जून ते सप्टेंबर मी ऑर्डर बंद ठेवा म्हणणार नाही, पण त्या महिन्यांत कापाकापी आणि घासाघाशी करा, रंगाची तारीख ऑक्टोबरनंतरची द्या. एअरब्रश शिकायचा असेल तर ऑनलाइन कोर्सला पैसे घालायच्या आधी बापट कॅम्प किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चार दिवस बसा. गणपतीच्या सोवळ्यावर छटा मारणाऱ्या हाताला प्रेशर आणि अंतर किती ठेवायचं ते आपोआप कळलेलं असतं. फक्त ऐन सीझनमध्ये जाऊ नका, हाकलून देतील.

आतलं काम तुलनेत सोपं. रॅलीत ड्रायव्हरशेजारी को-ड्रायव्हर बसतो, सर्किटवर नाही, म्हणून एक सीट काढून टाका. रोल केज तसाच चालतो. मागची तिरपी काच किटमध्ये नसणार, ती नव्या शर्टच्या बॉक्सच्या पारदर्शक झाकणातून कापा. पोलोच्या छपरावरची मोठी विंग निघाली की फेकू नका. उरलेल्या प्रत्येक भागासाठी एक डबा ठेवा. किटबॅशिंग करणाऱ्याचं खरं भांडवल तो डबा असतो, पुढच्या तीन ऑर्डर त्यातूनच निघतात.

थ्रीडी प्रिंटर घेऊ का, असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. रिम, आरसे, विंगचे स्टँड यासाठी चांगला आहे, पण नगावर दुसऱ्याकडून करून घ्या. बॉडी प्रिंट केली तरी थरांच्या रेषा घासाव्याच लागतात आणि त्या आधी कॉम्प्युटरवर बॉडी उभी करायला डिझायनर लागतो. पहिल्या दहा ऑर्डरचे पैसे हातात आल्याशिवाय मशीनच्या हप्त्यात अडकू नका.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे भाव टाका. किट घरी येऊन पडेपर्यंत ४,५०० रुपये. शीट, एम-सील, पेपर, प्रायमर, रंग, स्टिकर मिळून १,२००. म्हणजे माल ५,७०० चा. तास : माप आणि नकाशा ३, कापणं आणि मागचा भाग १२, भरणं-घासणं १०, दरवाजे ४, रंग ५, आतलं काम आणि स्टिकर ८. एकूण ४२. तासाला १५० रुपये लावा, झाले ६,३००. बेरीज १२,०००. मोडतोड आणि परत करावं लागणारं काम म्हणून १५ टक्के धरा, १३,८००. पारदर्शक केस आणि पॅकिंग ५००. आले १४,३००. यावर नफा २० टक्के, विक्री साधारण १७,१५० ला.

हा आकडा ऐकून गिऱ्हाईक म्हणणार, हॉट व्हील्स तर दोनशेला मिळते. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला हॉट व्हीलच द्या. खालचे रिव्हेट ड्रिलने काढून, जुना रंग उतरवून, त्याच्या आवडत्या रंगात. गाडी २००, रंगबिंग १००, तीन तासांचे ४५०, झाले ७५०. हजाराला विका. तासाचा नफा इथं अ‍ॅमिओपेक्षा कमी नाही, पैसे आठवड्यात फिरतात आणि हात बसतो. सुरुवात करणाऱ्याने पहिले तीन-चार महिने हेच करावं असं माझं मत आहे. अ‍ॅमिओ दुकानाच्या काचेत ठेवण्यासाठी एकच बनवा.

पण ४२ तास म्हणजे महिन्याला चार गाड्या केल्या तरी बोटं सुजतात. इथंच बहुतेकांच्या डोक्यात एक आयडिया येते : बॉडी तयार झालीय ना, तिच्यावर सिलिकॉनचा साचा टाकू, रेझिनच्या वीस कॉप्या काढू आणि विकू. थांबा. या बॉडीचं बॉनेट, पुढच्या काचेची चौकट, निम्मं छप्पर बेलकिट्सच्या साच्यातून आलंय. एका गिऱ्हाइकासाठी किट विकत घेऊन, कापून, बदलून देणं ही एक गोष्ट. दुसऱ्याने बनवलेल्या भागाचा साचा काढून विकणं ही वेगळी गोष्ट, तिला या जगात रीकास्टिंग म्हणतात. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी संग्राहकांच्या ग्रुपमध्ये असं नाव एकदा झालं की ऑर्डर बंद. आपल्या चपलेचंच बघा ना. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने तसल्याच चपला रॅम्पवर आणल्या तेव्हा अख्खं कोल्हापूर चिडलं होतं. तो राग बरोबर होता. मग दुसऱ्याच्या साच्याला हात लावताना तोच राग आठवायचा.

म्हणून खेळण्यातली डिकी चिकटवू नका म्हटलं होतं. तुम्ही शीट आणि एम-सीलमधून स्वतः घडवलेला मागचा भाग, विंग, दरवाजांच्या रेषांचा पत्र्याचा टेम्प्लेट, मागच्या काचेचा साचा हे सगळं तुमचं काम आहे. याचं वेगळं पाकीट करता येतं. गिऱ्हाईक स्वतःचं पोलो किट कुठूनही घेईल, तुमचं पाकीट घेऊन अ‍ॅमिओ बनवेल. परदेशात याला ट्रान्सकिट म्हणतात आणि जपानच्या स्टुडिओ २७ सारख्या कंपन्या टॅमियाच्या किटवर चालणारी ट्रान्सकिट वर्षानुवर्षं विकतायत. पण हे जमायचं असेल तर पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, कारण मागचा भाग बॉडीला कायमचा चिकटवून टाकला की त्याचा साचा काढता येत नाही. तो सुटा बनवा, साचा काढा, मग जोडा.

त्याचा हिशोब बघा. सिलिकॉन साचा १,५०० रुपये, त्यातून साधारण २५ कास्टिंग निघतात, म्हणजे नगाला ६०. रेझिन आणि इतर माल २५०. ओतणं, साफ करणं ४० मिनिटं, १०० रुपये. पाकीट आणि कागद ६०. खर्च ४७०. अकराशेला विकलं तर नगामागे ६३०. मास्टर बनवायला गेलेले १२ तास, म्हणजे १,८०० रुपये, पहिल्या तीन पाकिटांत वसूल. दहा जणांचा अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय साचा टाकायचा नाही, ही अट मात्र स्वतःला घाला. दहा जण मिळत नसतील तर ती गाडी ट्रान्सकिटसाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

साच्याच्या कामाला उद्यमनगरातल्या एखाद्या पॅटर्न मेकरकडे जाऊन बसा. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या माणसाला भाग साच्यातून सुटून येण्यासाठी बाजूंना किती उतार द्यायचा हे हातात बसलेलं असतं. सिलिकॉन लवचिक असल्यामुळे थोडं चालून जातं, तरी उतार नसलेली उभी भिंत दहाव्या कास्टिंगला साचा फाडते.

तीन कागदी गोष्टी

पहिली, खेळणं की मॉडेल. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. तुम्ही विकताय ते मोठ्यांच्या संग्रहाचं मॉडेल. त्यात टोकदार भाग आहेत, गाडीचा रंग आहे. पाकिटावर तसं स्पष्ट लिहा आणि “लहान मुलांसाठी छान गिफ्ट” असली जाहिरात चुकूनही करू नका. वाढदिवसाच्या सीझनला मोह होतो, पण एका ओळीने तुमचा माल खेळण्यात जमा होऊ शकतो. धंदा वाढवायच्या आधी बीआयएसचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला माल दाखवून लेखी मत घ्या.

दुसरी, लोगो. फोक्सवॅगनचं चिन्ह, टायर कंपनीचं नाव, स्पॉन्सरचे स्टिकर हे सगळे ट्रेडमार्क आहेत. टीमने स्वतःच्या गाडीचं मॉडेल मागितलं तर स्टिकरची फाइल त्यांच्याकडूनच लेखी मागवा, ईमेल पुरे. ट्रान्सकिटच्या पाकिटात लोगो घालू नका आणि पाकिटावर “अमुक किटवर बसतं” एवढंच लिहा. ड्रायव्हरचं नाव आणि फोटो वापरायचा तर त्याची परवानगी. गाडीच्या आकारावरही कंपनीचा हक्क असू शकतो, तेव्हा पाच-पंचवीस पाकिटांच्या पुढे जायचं ठरलं की वकिलाची फी खर्चात धरा.

तिसरी, जीएसटी. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण माल दुसऱ्या राज्यात विकला की ही सूट साधारणपणे चालत नाही, पहिल्याच विक्रीला नोंदणी लागते. आणि तुमची ट्रान्सकिटची गिऱ्हाइकं बेंगळुरू आणि चेन्नईत असण्याची शक्यता जास्त. दुसरीकडे, गिऱ्हाइकाने स्वतःचं किट आणून दिलं आणि तुम्ही फक्त कापून-रंगवून दिलं, तर ती सेवा धरली जाते, तिचे नियम वेगळे, मर्यादा २० लाखांची. कुठली ऑर्डर कशात बसते ते सीएला विचारूनच बिल फाडा.

अ‍ॅडव्हान्स निम्मा घ्या, आणि त्याच वेळी कागदावर लिहून घ्या : कुठल्या वर्षाची, कुठल्या रेसची गाडी, कुठला नंबर, विंग कुठली. गाडी सीझनभर बदलत असते. “आमची गाडी अशी नव्हती” हे वाक्य डिलिव्हरीच्या दिवशी ऐकायचं नसेल तर प्रिंट काढलेल्या फोटोवर गिऱ्हाइकाची सही घ्या. रंग द्यायच्या आधी, प्रायमरमध्ये असताना, त्याला एकदा फोटो पाठवा. त्यानंतरचा बदल पैसे देऊन.

पुढच्या व्हिडिओत डिकीच्या भागाचा सिलिकॉन साचा प्रत्यक्ष ओतून दाखवतो. १०३ मिलिमीटर व्हीलबेसचा प्रिंट कसा सेट करायचा ते त्यात सुरुवातीलाच आहे, तोवर तुम्ही ज्या गाडीचं मॉडेल करणार तिचा बाजूचा फोटो काढून ठेवा.